ग्लॅडविनची वही

अमेरिकेत रिचमंड शहरातल्या व्हर्जिनिया राज्य ग्रंथालयात एक जुनी नोंदवही आहे. तिचं नाव भलतंच लांब. त्याचा मथितार्थ असा : रेव्हरंड ए. ग्लॅडविन यांच्या अधिकारक्षेत्रात घडलेली लग्नं आणि मृत्यू, शिवाय गोळा करता येतील तेवढ्या चरित्रपर आणि इतर आठवणी. आठवणींचा बेत बहुधा कामाच्या रेट्यात मागे पडला. १८६३ ते १८६९ या काळात वहीची पानं भरली ती मुख्यतः मृत्यूंनी. व्हर्जिनियातल्याच अलेक्झांड्रिया शहरात, गुलामगिरीतून सुटून आलेल्या माणसांच्या सतराशेंहून अधिक दफनांची नोंद तिच्यात आहे. त्याच लोकांपैकी काहींची लग्नंही त्याच वहीत आहेत.

लग्न आणि मरण एकाच बाडात टिपण्याची रीत चर्चला नवी नाही. युरोपातल्या आणि गोव्यातल्याही जुन्या चर्चमध्ये अशा वह्या आहेत. इथे प्रश्न वेगळा होता. ज्यांच्यासाठी ही वही उघडली गेली, त्यांचं लग्न तोवर कायद्याच्या लेखी लग्नच नव्हतं. करार करण्याचा हक्क माणसाला असतो, मालमत्तेला नसतो. आणि दक्षिणेतल्या राज्यांत गुलाम ही मालमत्ता होती. मालकाने परवानगी दिली तर मळ्यावर समारंभ होई. पाद्री ‘मरण येईपर्यंत’ म्हणताना त्याला ‘किंवा ताटातूट होईपर्यंत’ असं शेपूट जोडत. उद्या नवऱ्याला लुइझियानाच्या व्यापाऱ्याला विकलं, तर देवाच्या साक्षीने दिलेलं वचन मोडलं असं कुणी म्हणू नये, ही तजवीज.

त्या काळात गुलामाचं नाव कागदावर येई ते विक्रीखतात, मालकाच्या मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या यादीत, किंवा मळ्याच्या हिशेबवहीत. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांचे वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचं नाव, आणि त्याखाली ओळीने वय, लिंग, रंग; गुलामांची नावं जवळजवळ कुठेच नाहीत. कृष्णवर्णीय कुटुंबांचा वंशवृक्ष शोधणारे अभ्यासक १८७० च्या शिरगणतीपर्यंत सहज पोचतात आणि तिथे अडतात, ते यामुळेच. त्यामागे जायचं तर मालक कोण होता हे आधी माहीत हवं. ग्लॅडविनच्या वहीसारख्या वह्या नेमक्या या कोंडीच्या अलीकडच्या काठावर, १८६० च्या दशकात, उभ्या आहेत.

अशा वह्यांची सुरुवात झाली मे १८६१ मध्ये, उत्तर आणि दक्षिणेतलं यादवी युद्ध नुकतंच पेटलं तेव्हा. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरचा फोर्ट मन्रो हा किल्ला उत्तरेच्या फौजेच्या ताब्यात होता. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम रातोरात होडीतून तिथे आले. मालकाने त्यांना परत मागितलं. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर पेशाने वकील. त्याने उत्तर दिलं की शत्रू या माणसांना तटबंदीच्या कामाला लावतोय, तेव्हा हा युद्धात जप्त झालेला माल आहे, परत मिळणार नाही. युक्तिवाद चतुर होता, पण त्यात माणसं मालच राहिली. सुटून आलेल्यांना पुढे वर्षानुवर्षं ‘कॉन्ट्राबँड’ म्हणजे जप्त माल हेच नाव चिकटलं आणि सरकारी वह्यांवरही तेच आलं. बातमी पसरली तशी तिघांची शेकडो माणसं झाली, मग हजारो. त्या सप्टेंबरात मिशनरी लुइस लॉकवुड फोर्ट मन्रोला आला. लोकांच्या मागण्यांत शाळा होती, प्रार्थना होती आणि लग्नंही होती. वीस-वीस वर्षं संसार केलेली जोडपी त्याच्यापुढे नव्याने लग्नाला उभी राहिली.

फौजेला या लग्नांत रस का असावा? धर्म हे एक कारण होतंच. छावण्यांवर नेमलेले कित्येक अधिकारी मुळात फौजेतले पाद्री होते. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातल्या छावण्यांचा प्रमुख जॉन ईटन हा ओहायोच्या पलटणीचा पाद्री. उत्तरेचा सेनापती ग्रँट याने त्याला नोव्हेंबर १८६२ मध्ये या कामावर नेमलं. पण व्यवहारही होता. कोणती बाई कुणाची बायको, कोणती मुलं कुणाची, हे ठरल्याशिवाय शिधा कुणाच्या नावावर द्यायचा आणि बायकामुलांचा भार कुणाच्या पगारावर टाकायचा हे ठरत नव्हतं. २८ मार्च १८६४ रोजी लॉरेन्झो थॉमस या सेनाधिकाऱ्याने त्या खोऱ्यासाठी हुकूम काढला. दीक्षा घेतलेल्या कुठल्याही पाद्र्याने या लोकांची लग्नं लावावीत, दाखला द्यावा आणि नोंद ठेवावी. मग एकेका बैठकीत डझनावारी जोडपी उभी राहू लागली.

त्या हुकुमातून निघालेल्या नोंदवह्या मला या सगळ्या पसाऱ्यात सर्वांत बोलक्या वाटतात. व्हिक्सबर्ग, नॅचेझ आणि डेव्हिस बेंड इथल्या या वह्या. डेव्हिस बेंड म्हणजे मिसिसिपीच्या वळणावरची कापसाच्या मळ्यांची जमीन. ती दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस आणि त्याचा थोरला भाऊ जोसेफ यांची. म्हणजे बंडखोर सरकारच्या प्रमुखाच्या शेतावर त्याच्याच माजी गुलामांची लग्नं सरकारी वहीत नोंदली जात होती.

वहीचं एक पान डोळ्यांपुढे आणा. तारीख, नवऱ्याचं नाव, राहण्याचं ठिकाण, वय, रंग. मग त्याच्या बापाचा रंग, आईचा रंग. याआधी दुसऱ्या बाईबरोबर राहिला होता का, किती वर्षं? तिच्यापासून वेगळा कशाने झाला? तिच्यापासून मुलं किती? नंतर हेच सगळे प्रश्न नवरीला. मग दोघांची मिळून मुलं किती, लग्न कुणी लावलं, साक्षीदार कोण. हे रकाने पाडणाऱ्याच्या मनात नीतिमत्तेची तपासणी असावी. हे लोक एकनिष्ठ राहतात का, याचा पुरावा उत्तरेतल्या वाचकांना हवाच होता. पण ‘वेगळे कशाने झालात’ या प्रश्नाला माणसं खरं उत्तर देत गेली आणि कारकून ते लिहीत गेला. मृत्यू. बळजबरी. विक्री. युद्ध. सोडून गेली. बापाच्या रंगाच्या रकान्यात कुठे कुठे ‘गोरा’ येई, तेव्हा कारकुनाला आणखी काही विचारायची गरज पडत नसावी. हर्बर्ट गटमन या इतिहासकाराने विसाव्या शतकात या वह्यांमधल्या साडेचार हजारांहून अधिक जोडप्यांच्या नोंदी तपासल्या. विशीच्या पुढच्या सुमारे सहा जणांमागे एकाचं आधीचं लग्न बळजबरीने मोडलं होतं. ‘गुलामांत कुटुंबसंस्था नव्हतीच’ हे तोवर विद्वानांतही बिनदिक्कत चालणारं मत होतं. १९७६ साली आलेल्या गटमनच्या ग्रंथाने त्याला मोठा हादरा दिला. माझ्या मते या ग्रंथाचं निम्मं श्रेय त्या अनामिक कारकुनांच्या रकान्यांना द्यायला हवं. त्यांना वेगळंच काही सिद्ध करायचं होतं, ही गोष्ट निराळी.

पण जुनं लग्न मोडलेलं आणि जुना जोडीदार जिवंत, असं असेल तर? युद्ध संपताच विकलेले नवरे शोधत शोधत परत येऊ लागले. इकडे बायकोने दुसरा घरोबा केलेला. कुणाच्या दोन बायका हयात. ऑगस्ट १८६५ मध्ये साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियासाठी मुक्त लोकांच्या सरकारी खात्याचा प्रमुख रूफस सॅक्स्टन याने लग्नाचे नियमच जारी केले. एकट्या पुरुषाला दोन बायका परत सापडल्या तर जिच्यापासून मुलं आहेत तिचा हक्क आधी, असा त्यांचा रोख. नियम समंजस आहेत हे मान्य. तरी जिला मूल नव्हतं त्या बाईचं काय झालं, हे त्या कागदातून कळत नाही. तिच्यासाठी रकाना नव्हता.

आता पुन्हा अलेक्झांड्रियाकडे. वॉशिंग्टनसमोर, पोटोमॅक नदीच्या पलीकडच्या काठावरचं हे शहर. २४ मे १८६१ ला उत्तरेच्या फौजेने ते घेतलं आणि युद्ध संपेपर्यंत सोडलं नाही. गुलामांच्या व्यापाराचं हे जुनं केंद्र. ड्यूक स्ट्रीटवरच्या एका पेढीच्या कोठडीतून हजारो माणसं दक्षिणेत विकली गेली होती. फौजेने ती कोठडी तुरुंग म्हणून वापरली आणि तिच्या शेजारीच १८६४ मध्ये कृष्णवर्णीय सैनिकांसाठी लूव्हर्चर रुग्णालय उभारलं. हैतीतल्या गुलामांच्या उठावाच्या नेत्याचं नाव गुलामांच्या कोठडीशेजारच्या इमारतीला द्यायचं हे कुणी ठरवलं असेल, त्याला दाद द्यावीशी वाटते. आसपासच्या गावांतून पळून आलेल्यांनी शहर भरलं. घरं अपुरी, थंडी कडाक्याची, त्यात देवीची साथ. माणसं भराभर मरू लागली आणि पुरायला जागा उरली नाही. १८६४ च्या सुरुवातीला शहराच्या दक्षिण टोकाला, दक्षिणेची बाजू घेतलेल्या एका मालकाची जमीन ताब्यात घेऊन सरकारने या लोकांसाठी दफनभूमी केली. तिथे पुरलेल्यांत निम्म्याहून अधिक मुलं होती.

या सगळ्याचा कारभार ज्याच्याकडे, तो अल्बर्ट ग्लॅडविन बॅप्टिस्ट मिशनरी. त्याच्याबद्दल फार चांगलं लिहिणारं कुणी सापडत नाही. उत्तरेतून मदतीला आलेली ज्युलिया विल्बर आपल्या डायरीत त्याच्या कडकपणाबद्दल तक्रार करते. तिच्याबरोबर काम करणाऱ्या हॅरिएट जेकब्ज यांचेही त्याच्याशी खटके उडाले. जेकब्ज स्वतः गुलामगिरीतून पळालेल्या. तरुणपणी एका मुक्त कृष्णवर्णीय सुताराशी लग्न करायची त्यांची इच्छा मालकाने धुडकावून लावली होती, हे त्यांनी १८६१ मध्ये छापलेल्या आत्मकथनात सांगितलं आहे. लग्नाचा दाखला म्हणजे काय हे त्यांना ग्लॅडविनपेक्षा नक्कीच जास्त कळत असणार. वही मात्र ग्लॅडविनच्या हातात होती.

डिसेंबर १८६४ मध्ये दफनांवरूनच भडका उडाला. रुग्णालयात एखादा कृष्णवर्णीय सैनिक दगावला की ग्लॅडविन त्याला मुक्त लोकांच्या दफनभूमीत पुरायला लावी. गोऱ्या सैनिकांसाठी शहरात लष्करी दफनभूमी होती. नाताळच्या दुसऱ्या दिवशी शॅड्रिक मर्फी या शिपायाची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा ग्लॅडविनने ती अडवून गाडी आपल्या दफनभूमीकडे वळवली. लगेच रुग्णालयातल्या ४४३ सैनिकांनी अर्ज केला. त्यातले कित्येक जखमी, कित्येक पाय गमावलेले. म्हणणं साधं होतं. लढायचा हक्क दिलात, धोका सगळ्यांना सारखा, मग मरणानंतर वेगळी वागणूक कशाला? आम्ही सैनिक आहोत, जप्त माल नव्हे.

या अर्जात एक टोचणारी जागा आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. ज्यांच्या शेजारी पुरलं जाऊ नये असा आग्रह होता, ते त्यांचेच आईबाप, बायका, पोरं असू शकत होते. पण या माणसांना नातं नाकारायचं नव्हतं, ते वहीतला आपला वर्ग नाकारत होते. लष्करी दफनभूमीत पुरलं तर देश आपला सैनिक म्हणून नाव लिहितो; दुसरीकडे पुरलं तर सरकारी मदतीवर जगणारा म्हणून. जानेवारी १८६५ मध्ये ११८ कृष्णवर्णीय सैनिकांचे देह उकरून लष्करी दफनभूमीत नेण्यात आले. तिथेही त्यांचा विभाग वेगळा ठेवला गेला, पण सैनिक म्हणून. नदीकाठाने थोडं वर, आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीच्या विभाग २७ मध्ये हाच फरक दगडावर वाचता येतो. तिथे पुरलेल्या सुमारे ३८०० मुक्त लोकांच्या शिळांवर नावाखाली ‘नागरिक’ कोरलेलं आहे. त्यांच्यापैकी अनेकांना पुरलं तेव्हा कायद्याने ते नागरिक नव्हतेच. त्यांना नागरिकत्व देणारी घटनादुरुस्ती १८६८ मध्ये झाली.

नोंद असण्या-नसण्याची किंमत केंटकीत सर्वांत उघडपणे मोजावी लागली. केंटकी उत्तरेशी एकनिष्ठ राहिलेलं, पण गुलामगिरी कायम असलेलं राज्य. राष्ट्राध्यक्ष लिंकनची गुलामांच्या मुक्तीची घोषणा तिथे लागू नव्हती. फौजेत भरती झालेला गुलाम मुक्त होई. त्याची बायको आणि पोरं मात्र मालकाचीच. तिथल्या कॅम्प नेल्सनमध्ये नवऱ्यांमागोमाग आलेल्या चारशेच्या आसपास बायकामुलांना नोव्हेंबर १८६४ मध्ये कडाक्याच्या थंडीत छावणीबाहेर हाकलण्यात आलं. त्यातली शंभराहून अधिक दगावली. जोसेफ मिलर या शिपायाने शपथेवर दिलेला जबाब आजही वाचता येतो. त्याच्या आजारी मुलाला गाडीत घालून नेलं. रात्री तो चालत निकोलसव्हिलला गेला, तेव्हा कुटुंब एका जुन्या प्रार्थनाघरात सापडलं. मुलगा मेलेला होता. त्याला रात्रीच छावणीत परतावं लागलं. सकाळी पुन्हा चालत जाऊन त्याने खड्डा खणला आणि स्वतःच्या हाताने मुलाला पुरलं. त्या दफनाची नोंद म्हणजे हा जबाबच. अशा जबाबांनी बोभाटा झाला आणि ३ मार्च १८६५ ला अमेरिकी काँग्रेसने ठराव केला की कृष्णवर्णीय सैनिकांच्या बायका आणि मुलं मुक्त आहेत. बायको कोण हे ठरवायला राज्याचा दाखला मागायचा नाही. भरतीच्या वेळी दोघं नवराबायको म्हणून राहत असतील किंवा कसलाही समारंभ झाला असेल तर पुरे. केंटकीतल्या बाईसाठी लग्न हाच सुटकेचा परवाना ठरला.

लग्नाच्या पुराव्याचा प्रश्न त्याआधी पेन्शनच्या वाटेनेही आला होता. एप्रिल १८६४ मध्ये टेनेसीतल्या फोर्ट पिलो इथे कृष्णवर्णीय सैनिकांची कत्तल झाली. तिथे पडलेला गोरा अधिकारी मेजर बूथ याची विधवा लिंकनला भेटली आणि तिने सांगितलं, मला पेन्शन मिळेल, पण नवऱ्याच्या हाताखाली मेलेल्या शिपायांच्या बायकांना मिळणार नाही, कारण कायद्याने त्या बायकाच नाहीत. लिंकनने तिला सिनेटर समनरकडे चिठ्ठी देऊन पाठवलं. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये कायदा सुधारला. किमान दोन वर्षं नवराबायको म्हणून राहिल्याचं साक्षीदारांनी सांगितलं की चालेल. दोन वर्षांची ही अटही पुढे निघाली. शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर.

कायदा सैल झाला तसे तपासनीस मात्र कडक झाले. पेन्शनच्या फायलींमध्ये विधवांची पानेच्या पानं उलटतपासणी आहे. बाळंतपणाला कोण सुईण होती, जुना मालक काय म्हणतो, शेजारीण काय म्हणते. तारखा कुणाला माहीत नसत. मग मुलगा ‘तारे पडले त्या वर्षी’ झाला असं सांगितलं जाई. तो १८३३ च्या नोव्हेंबरातला प्रचंड उल्कावर्षाव. आपल्याकडेही आजी मुलाचा जन्म बहात्तरच्या दुष्काळावरून सांगते, तसंच हे. हॅरिएट टबमन यांच्यासारख्या नावाजलेल्या बाईचीही यातून सुटका नव्हती. त्यांचा दुसरा नवरा नेल्सन डेव्हिस फौजेत नेल्सन चार्ल्स या नावाने होता. तोच हा, हे पटवण्यात आणि पहिला नवरा जॉन टबमन मरण पावल्याचं दाखवण्यात वर्षं गेली. पेन्शन १८९५ मध्ये मंजूर झाली.

१८६६ पासून राज्यांनी आपापल्या वह्या उघडल्या. व्हर्जिनियाने कायदा केला की २७ फेब्रुवारी १८६६ रोजी नवराबायको म्हणून एकत्र राहणारी जोडपी विवाहित मानली जातील. त्यासाठी बनवलेल्या याद्यांमध्ये शेवटच्या मालकाचं नाव आणि गाव असे रकाने आहेत. वंशवृक्ष शोधणाऱ्याला याहून मौल्यवान रकाना नाही. नॉर्थ कॅरोलायनात नोंदणीला २५ सेंट फी होती आणि नोंदवलं नाही तर गुन्हा. काल जे लग्न कायद्याला दिसत नव्हतं, ते आज न नोंदवल्याबद्दल कायदा शिक्षा करू पाहत होता.

मुक्त लोकांचं ते सरकारी खातं १८७२ मध्ये बंद झालं. पुढच्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते अर्पण केलं. तोवर त्या लोकांचा उत्साह पुष्कळ ओसरला होता, हे पुण्याहून दिसण्याजोगं नव्हतं.

अलेक्झांड्रियाची दफनभूमीही सरकारने सोडली. जमीन जुन्या मालकाच्या कुटुंबाकडे परत गेली. शेजारच्या वीटभट्ट्यांनी कडेची माती खाल्ली, थडग्यांवरच्या लाकडी फळ्या कुजल्या. १९५५ मध्ये तिथे पेट्रोल पंप झाला, मग कार्यालयाची इमारत. एका बाजूने महामार्ग गेला. १९८७ च्या सुमारास शहराच्या इतिहासकाराला जुन्या वर्तमानपत्रांत या जागेचा उल्लेख सापडला आणि १९९५ मध्ये ग्लॅडविनची वही छापून निघाली. पोटोमॅकवरचा पूल नव्याने बांधायचं ठरलं तेव्हा लिली फिंकली आणि लुईस मासूद या दोन रहिवासी बायकांनी जागा वाचवायची चळवळ सुरू केली. शहराने २००७ मध्ये जमीन विकत घेतली, पंप आणि इमारत पाडली. पुरातत्त्वज्ञांना पाचशेहून अधिक खड्ड्यांच्या खुणा मिळाल्या. सप्टेंबर २०१४ मध्ये स्मारक खुलं झालं. कोण कुठल्या खड्ड्यात हे वहीत नाही, त्यामुळे नावं ब्राँझच्या पट्ट्यांवर एकत्र आणि थडग्यांच्या जागा वेगळ्या, अशी मांडणी करावी लागली.

शहराने वंशज शोधायचं काम चार मॅककार्गो बा या वंशावळतज्ज्ञ बाईंकडे दिलं. वंशावळीचं काम सहसा आजच्या माणसापासून मागे जातं. त्यांना उलट यावं लागलं. वहीतलं एक नाव घ्यायचं, शिरगणती, मृत्युदाखले, वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता यांतून एकेक पिढी पुढे सरकायचं आणि शेवटी एखाद्या जिवंत माणसाला फोन करायचा. शेकडो वंशज सापडले, त्यातले कित्येक त्याच परिसरात राहणारे. राष्ट्रीय पुराभिलेखागारातले त्या खात्याचे कागद स्वयंसेवकांनी २०१५-१६ मध्ये वाचून सुमारे १८ लाख नावांची सूची केली, तीही आता हाताशी आहे. सूचीत एकच आडनाव चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, कारण सांगणाऱ्याला लिहिता येत नव्हतं आणि लिहिणाऱ्याने कानाला आलं ते लिहिलं. दुसरी अडचण तिथल्या मुलांची आहे. दोन वर्षांच्या पोराला वंशज नसतात. त्याच्यापासून आजच्या घरापर्यंत यायचं तर भावंडांतून यावं लागतं, आणि भावंडं शोधायला आधी आईबापांचं जोडपं माहीत हवं. अशा वेळी दफनांच्या पानांवरून पुन्हा लग्नांच्या पानांकडे वळावं लागतं.